नारळाला बांधलेलं पागोटं

रविवार, ८ जानेवारी २०१७
सहम, ओमान

सकाळी धनंजयचा फोन आला. नाना पहाटे गेले. मी डबा भरत होतो. तो भरून झाला, झाकण लावलं आणि मग बायकोला, विशाखाला सांगितलं. ती रडायला लागली तेव्हा वाटलं आपणही काहीतरी करायला हवं, म्हणून गॅस बंद केला.

धनंजय म्हणाला, "दादा, तू निघ. आम्ही थांबतो. बर्फाच्या लाद्या मागवतो तालुक्याहून. उद्यापर्यंत ठेवता येईल." याला बर्फातलं काय कळतं? कोल्ड स्टोअरमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. कुठली गोष्ट कशावर किती टिकते हे मला कुणी शिकवायला नको. मी म्हटलं, "उगाच हाल करू नका त्यांचे. तू दे अग्नी." तो म्हणाला, "थोरला तू आहेस, दादा." म्हटलं, "मी सांगतोय ना? दे."

कामावर गेलो. दोन नंबरच्या खोलीच्या दाराचं रबर सुटलं होतं, ते बसवलं. अर्बाबला, म्हणजे मालकाला, सांगितलं तर तो खुर्चीतून उठला, माझा हात धरून अरबीत बरंच काही म्हणाला आणि शेवटी त्याच्या हिंदीत, "एकनात, तुम जाओ. टिकट हम देगा. यल्ला." मी म्हटलं बघतो, मशीनचं काम आहे. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मालकाला मशीनची काळजी नाही, ती आम्हीच करायची.

गुरुवार, १२ जानेवारी

मैनाचा फोन. मैना म्हणजे धनंजयची बायको. म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला सांगायचं राहिलंय. आदल्या दिवशी संध्याकाळी नाना उठून बसले होते, आणि..." मी म्हटलं, ते राहू दे, तेराव्याला जेवायला किती पान होईल, आचारी कोण सांगितलाय, ते सांग. तिने सांगितलं. गावच्या आचाऱ्याने यंदा दर वाढवलाय म्हणे.

मंगळवार, १७ जानेवारी

दहावा. विशाखा सकाळपासून मागे लागली होती, "निदान केस तरी काढून या." गेलो. बंगाली न्हाव्याने विचारलं, "फुल या हाफ?" म्हटलं, हाफ. घरी आल्यावर विशाखा बघत राहिली आणि मग पाणी तापवायला गेली.

शुक्रवार, २० जानेवारी

आज तेरावा, आणि आज गावात जो तमाशा झाला तो सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी विचारलं तर निदान माझी बाजू कुठेतरी असावी.

आमच्या गावात देवीचा पहिला मान आमच्या घराचा. शिमग्याला पालखी देवळातून निघते तेव्हा आमच्या घरातल्या थोरल्याने हात लावल्याशिवाय ती उठत नाही. मग भोई मोठा असो की सरपंच, कुणाची टाप नाही. नानांच्या आधी आजोबा, त्यांच्या आधी पणजोबा. घरात दुसरं मिरवण्यासारखं काही नाही, हे एवढंच. मानकरी गेला की तेराव्याला मामाने यायचं आणि थोरल्या भाच्याच्या डोक्यावर पागोटं बांधायचं. पागोटं ज्याच्या डोक्यावर, मान त्याचा.

आता घोळ असा की आम्ही दोघे भाऊ सावत्र. माझी आई मी लहान असताना गेली, मग नानांनी दुसरं लग्न केलं, त्यातला धनंजय. घरात सावत्रपणा कधी दिसला नाही, पण मामा मात्र दोन झाले. आणि आज दोघेही पागोटं घेऊन आले.

माझा तानाजीमामा म्हणजे साठीपुढचं उंबराचं खोड. भाचा हजर नाही म्हणून हा माणूस मागे फिरेल? त्याने पाटावर तांदूळ पसरले, त्यावर सोललेला शेंडीचा नारळ ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या नावाने त्या नारळालाच पागोटं बांधलं. परगावी असलेल्याच्या नावाने नारळ ठेवायची रीत आहेच आमच्याकडे, लग्नातही ठेवतात, श्राद्धालाही. पागोट्याला कुणी ठेवल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं. तिकडे धनंजयच्या मामाने ओरडा केला, "अग्नी कोणी दिला? नारळाने?" आणि त्याने आपलं पागोटं धनंजयच्या डोक्याला गुंडाळलं. आता गावाला मानकरी दोन. एक माणूस, एक नारळ.

तानाजीमामा फोनवर ओरडत होता, "एकनाथा, तू काय भिऊ नको. तुजा मान तुजाच हाय. नारळ देवाजवळ ठेवलाय, मैना दिवा लावते त्याला. शिमग्याला ये आनि आपल्या डोक्यावर घे. काय?"

म्हटलं, बरं.

मला राग आला धनंजयचा. बरं वाटलं. इतके दिवस काहीच येत नव्हतं.

बुधवार, २५ जानेवारी

गावात दोन तट पडलेत. देऊळवाडी माझ्या बाजूने, खालची वाडी धनंजयच्या. मला तिकडे नारळशेठ म्हणतात असं कळलं. मुजम्मिल हसला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. मुजम्मिल रत्नागिरीचा, आमच्या गारेगार ट्रकचा ड्रायव्हर, मस्कतला रोज मासळी नेतो. तो म्हणाला, "एकनाथभाई, माफ करा. पण तुम्ही पण हसा थोडे. अब्बा वारले तेव्हा मी आठवडाभर रडलो आणि मग एकदा काहीतरी फालतू ऐकून एवढा हसलो, की अम्मीने चप्पल फेकून मारली." मी त्याला गेज बघायला पाठवलं.

धनंजयला मी फोन करत नाही. त्याचे येतात, विशाखा घेते. व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नाही इथे, साधा फोन म्हणजे त्याला महाग पडतो, तरी करतो. मान हवाय ना, मग खर्च होणारच.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

यशश्रीच्या शाळेत इंग्रजी नाटक आहे. जुन्या काळातला कुठला तरी इंग्रज सरदार, अर्ल म्हणतात तसला, तो लढाईवर गेला असताना त्याच्या चुलतभावाने त्याचा किताब बळकावला, आणि मग पुढे सगळं रामायण. आमची पोर सरदार झाली आहे. विशाखाने तिला माझ्या जुन्या जॅकेटचा झगा करून दिला आणि काळ्या लोकरीची दाढी.

दाढी लावूनच जेवायला बसली. म्हणाली, "बाबा, आई म्हणाली तुमचं पण असंच चाललंय. लाइक, तुम्ही अर्ल आहात?"

म्हटलं, "तसंच काहीतरी."

"मग अर्ल काय करतो? आय मीन, तुमचा."

मी सांगितलं, पालखीला पहिला हात, पहिला नारळ, पहिला प्रसाद.

"आणि बाकीचं होल इयर?"

बाकीचं वर्ष. नाना काय करायचे? कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिले नाना जाऊन बसायचे. बांधावरून भांडण झालं की दोघांना देवळात बोलवायचे. देवळाच्या पाण्याची मोटर बिघडली की हेच. गुडघे गेल्यापासून हे सगळं धनंजय करतो, नाना फक्त ओट्यावरून ओरडायचे. मी तिला म्हटलं, "बरंच असतं." ती म्हणाली, "ओके," आणि दाढी वर करून आमटी प्यायली. विशाखा माझ्याकडे बघत होती. हल्ली ती फार बघते.

रविवार, १९ फेब्रुवारी

काल देवळात गाव बसला. निकाल लागला, म्हणजे लागला नाहीच, माझ्या गळ्यात मारला. गुरव म्हणाला म्हणे, पागोटी दोन असली तरी थोरला एकच. एकनाथाने शिमग्याला येऊन पालखीला हात लावावा, मान त्याचा आणि पुढे त्याच्या घराचा. येत नसेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने, देवीसमोर, भावाला मान द्यावा. मग तो कायमचा गेला, परत मागायचा नाही. दोन्हीपैकी एक झाल्याशिवाय पालखी उठणार नाही.

संध्याकाळी धनंजयचा फोन, नेमका मी उचलला.

"दादा, ये ना."

"कशाला? गावासमोर माझी शोभा करायला?"

"अरे, कसली शोभा? नुसता ये. चार दिवस राहा. नानांची खोली मी अजून आवरली नाही... मैना रोज झाडते फक्त. तू ये, मग बघू काय काढायचं, काय ठेवायचं."

लबाड. आता खोलीचं काढतो. वाटणी हवी असेल. म्हटलं, "मी येणार, हात लावणार, मान घेणार. सांग तुझ्या मामाला."

"सांगतो," म्हणाला. आणि चक्क हसला. "नक्की ये हां, दादा."

त्याच्या हसण्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

शुक्रवार, ३ मार्च

अर्बाबने पासपोर्ट हातात दिला आणि तिकीटही. शुक्रवार, दहा तारखेचं, मस्कत-मुंबई. "वर्क खलास. मदर, फादर, वन टाइम," म्हणाला. त्याचे वडील गेले तेव्हा त्याने बागेत पाणी सोडायचंही बंद केलं होतं, लिंबाची झाडं वाळली, हे सगळं पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली.

मुजम्मिलच्या ट्रकमधून मस्कतला, हमरियाच्या बाजारात गेलो. मैनाला बदाम, मामाला टॉर्च, धनंजयला काही नाही. मग एका दुकानात गुडघ्याला चोळायचं मलम दिसलं, दरवेळी नेतो ते, हिरव्या झाकणाचं, दोन डब्या घेतल्या. ट्रकमध्ये बसल्यावर मुजम्मिलने पिशवीत पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाला?" मी म्हटलं, मला. त्याने ट्रक सुरू केला आणि अर्ध्या वाटेवरचं बरका येईपर्यंत काही बोलला नाही, जो माणूस एरवी एक मिनिट गप्प बसत नाही.

गुरुवार, ९ मार्च

उद्या निघायचं. आणि आज मोठ्या कंप्रेसरचा आवाज बदलला.

दुपारी जाणवलं. बेअरिंगमधून बारीक खरखर. ऐन हंगामात, खोल्या सुरमईने भरलेल्या, आणि हे बंद पडलं तर सगळा माल नासेल. मी मुजम्मिलला बोलावलं. त्याने कान लावला.

"काहीच नाही."

"नीट ऐक."

त्याने पुन्हा ऐकलं. मग हात पुसत म्हणाला, "एकनाथभाई, गाडीचं इंजिन पन्नास प्रकारे रडताना ऐकलंय मी. हे झोपलेलं पोर आहे. तुम्ही जा."

ड्रायव्हरला काय कळणार? मी खोलून बसलो. उघडलं तर बेअरिंग ठीक होतं. पण उघडलंच आहे तर तेल बदलावं, सील बदलावं. सील सोहारहून मागवलं, ते शनिवारी येणार.

घरी येऊन विशाखाला सांगितलं. तिने भरलेली बॅग पलंगावरून उचलली आणि कपाटावर ठेवली. यशश्री म्हणाली, "बट बाबा..." आणि विशाखाने तिला हात धरून आतल्या खोलीत नेलं.

आतून आवाज येत नव्हता. मी हात धुतले. तेलाचा वास जात नाही लवकर.

शनिवार, ११ मार्च

सील आलं. बसवलं. मशीन आधी चालत होतं तसंच चालतंय.

सोमवार, १३ मार्च

सकाळी तानाजीमामाचा फोन आला तेव्हा मी आवारात होतो. मागे ढोलांचा आवाज हवा होता, पण नव्हता. आत मशिनरूममध्ये ऐकू येईना, म्हणून मी मुजम्मिलच्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसलो आणि काच वर केली. तो खाली उतरून उभा राहिला.

मामा म्हणाला, "सगळी गाव हुबी हाय, एकनाथा. पालखी सजवून ठेवलीय. दोन हवालदारपन येऊन बसलेत, मारामारी होईल म्हनून. तुज्या नावाचा नारळ मी घेऊन आलोय, पागोट्यासकट. पन गुरव म्हनतो, नारळाचा हात चालायचा नाय. आता बोल काय ते. फोन ठेवलाय देवीसमोर पायरीवर, सगळ्यांना ऐकू जातंय."

गुरवाचा आवाज आला. "एकनाथा, येतोस की देतोस?"

म्हटलं, "पुढच्या वर्षी येतो."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. देवी आज बाहेर पडायचीय."

खालच्या वाडीचे कुणीतरी ओरडले, "धनंजय, लाव हात! पागोटं आहे तुझ्या डोक्यावर!" गलका झाला. देऊळवाडीवालेही ओरडले. मी वाट बघत होतो की आता हा हात लावेल, आणि मग आयुष्यभर माझ्याकडे बोलायला काहीतरी राहील. गलका तसाच थांबला. त्याने लावला नव्हता.

मी म्हटलं, "धनंजय, आहेस का? लाव की. अडवलंय कुणी? मामाने बांधलंय ना तुझ्या?"

तो फोनजवळ आला असावा. हळू बोलत होता, पण गाव गप्प असल्यामुळे स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, त्या दिवशी मी रडत होतो रे. मामाने डोक्यावर काय गुंडाळलं, मला खरंच कळलं नाही. मला वाटलं टॉवेल आहे. रात्री मैनाने सोडलं तेव्हा कळलं, ते पागोटं होतं. मी परत घातलं नाही. आत्ताही नाही घातलेलं, विचार कुणालाही."

त्या दिवशी मी काय करत होतो ते आठवलं. आधी फोनवर दोन्ही मामांची भांडणं ऐकत होतो आणि मग वहीत माझी बाजू लिहीत होतो. हा रडत होता. त्याला डोक्यावर काय आहे हे कळत नव्हतं, आणि मी त्याच्या डोक्यावरचं मोजत होतो.

"गुरव," मी म्हटलं, "देतो."

तानाजीमामा "अरे!" म्हणून ओरडला. त्याला कुणीतरी बाजूला घेतलं.

गुरव म्हणाला, "मग माझ्यामागून म्हण. मी, कैलासवासी रावजी यांचा थोरला मुलगा एकनाथ."

"मी," म्हटलं.

पुढचं येईना. साधे शब्द, रोज कुणी ना कुणी म्हणतं, पत्रिकेवर छापतात. नाना गेले, हे मी अजून कुणालाही स्वतःच्या तोंडाने म्हटलं नव्हतं. विशाखाला म्हटलं होतं, गावाहून फोन होता. अर्बाबला म्हटलं होतं, प्रॉब्लेम आहे. दोघांनीही आपापलं ओळखलं होतं.

"म्हण, बाबा," गुरव म्हणाला. त्याचा आवाज एकदम साधा झाला होता, देवळातला नव्हता. "कैलासवासी रावजी."

"कैलासवासी रावजी यांचा," मी म्हटलं, आणि मग जे काय सुरू झालं ते थांबेचना. ओरडून रडलो. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. सगळा गाव ऐकत होता, हवालदार ऐकत होते, देवी ऐकत होती, आणि कुणीही मध्ये बोललं नाही. बाहेर मुजम्मिल ट्रककडे पाठ करून उभा होता आणि आवारात येणाऱ्या पोरांना हाताने लांब घालवत होता.

मग नाक पुसलं आणि उरलेलं म्हटलं. थोरला मुलगा एकनाथ, देवीसमोर आणि गावासमोर, आमच्या घराचा पहिला मान माझा भाऊ धनंजय याच्या हाती देतो, माझा किंवा माझ्या घराचा त्यावर पुढे हक्क नाही. शेवटचं वाक्य म्हणताना वाटलं होतं काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. जरा वेळ गेला. मग ढोल वाजला, एकदम सगळे, फोन फाटेल असे. लोक ओरडले. पालखी उठली.

आवाज लांब जात गेला. देवळातून खाली, पाणंदीने, पहिल्या घराकडे. फोन पायरीवरच राहिला होता, कुणाच्या लक्षात नव्हता. मीही कापला नाही. आता तिथे फक्त कावळे होते, आणि कुणीतरी झाडू मारत असल्याचा आवाज.

झाडू थांबला.

"अगोबाई, चालूच आहे हा," मैनाचा आवाज आला. "भाऊजी? तुम्ही अजून आहात?"

"आहे."

"जेवलात?"

"नाही. मैना, तुला घाई आहे का?"

"नाही. पालखी आता फिरेल गावभर. मी झाडतेय फक्त."

मी म्हटलं, "मग बस जरा. नाना कसे गेले, ते सांग मला."

झाडू खाली ठेवल्याचा आवाज आला. ती पायरीवर बसली असावी. मग तिने आदल्या दिवशीच्या संध्याकाळपासून सुरुवात केली, ते उठून बसले होते तिथपासून. मध्ये ती थांबली की मी म्हणायचो, पुढे. मुजम्मिलने पाण्याची बाटली काचेतून आत दिली आणि परत गेला. तिने सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं.